तज्ज्ञ डॉक्टरांना वैद्यकीय महाविद्यालयांत टिकू द्या : वैद्यकीय शिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, मा. सचिव आणि मा. आयुक्त,
वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय,

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो. छोटं रुग्णालय आहे. माझ्या आवाक्याबाहेरचा रुग्ण आला की चिठ्ठी लिहून पुढे पाठवणं हे माझं रोजचं काम. ज्याच्या घरात पैसे नाहीत त्याला पुढे पाठवायचं म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. त्यामुळे तिथे कोणत्या विषयाचा तज्ज्ञ आहे, कोण सोडून गेला, कुणाची बदली झाली, याची खबर मला ठेवावीच लागते. गेल्या काही वर्षांत ही खबर ठेवणं अवघड होत चाललं आहे, कारण माणसंच टिकत नाहीत. तज्ज्ञ शिक्षक-डॉक्टरांना आयुष्यभर एका जागी राहून काम करता येईल अशी व्यवस्था करा, एवढं एकच मागणं घेऊन हे पत्र लिहितो आहे.

सोयाबीन गुडघ्याला लागलं की आमच्याकडे सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. त्यात घोणस सर्वांत वाईट. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेतलेलं रक्त वीस मिनिटांनीही गोठत नाही, तेव्हा विष रक्तात भिनल्याची खात्री पटते. प्रतिसर्पविष आम्ही इथेच सुरू करतो. पण काही रुग्णांची लघवी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कमी होत जाते, तोंडावर सूज येते, क्रिएटिनिन (किडनी बिघडल्याचं रक्तातलं माप) चढायला लागतं. त्यांना डायलिसिस लागतं. डायलिसिसचं मशीन आता जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, ते चालवणारा तंत्रज्ञही असतो. खरा प्रश्न त्यापुढचा. बहुतेकांची किडनी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा कामाला लागते. काहींच्या किडनीचा बाहेरचा भागच मरून जातो आणि ती पूर्ववत होत नाही. हा रुग्ण कोणत्या गटातला, हे वेळेवर ओळखायचं कसं? रक्त जेमतेम गोठायला लागलेलं असताना किडनीचा तुकडा तपासायला बायोप्सीची सुई घालायची की आणखी थांबायचं? लघवी वाढायला लागल्यावर डायलिसिस कधी बंद करायचं? घरी सोडलेल्या तरुण शेतमजुराला पुढची किती वर्षं तपासणीला बोलवायचं? याची उत्तरं पुस्तकात मोघम असतात. पंधरा पावसाळे असे रुग्ण पाहिलेल्या नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या तज्ज्ञाकडे, ती नेमकी असतात.

मोठ्या शहरातल्या कॉर्पोरेट रुग्णालयात अतिशय निष्णात नेफ्रॉलॉजिस्ट आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. प्रत्यारोपण असो वा मधुमेहानं झालेला किडनीचा विकार, त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पण घोणस चावलेला सालगडी त्यांच्याकडे क्वचितच पोचतो. तसंच फवारणीच्या विषबाधेचं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारे मजूर एकामागून एक आजारी पडले, वीसहून अधिक जणांचा जीव गेला. तेव्हा रुग्णांचा भार तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयानंच पेलला. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची बाधा झालेल्या रुग्णाला अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध किती चढवायचं, सुधारतोय असं वाटत असतानाच तिसऱ्या दिवशी त्याच्या मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात ते आदल्या रात्री कसं ओळखायचं, हे शहाणपण सरकारी वॉर्डातच तयार होतं. संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप अरुंद झालेली आणि सातव्या महिन्यात धाप लागून आलेली बाई, क्षयाचा मेंदूज्वर झालेलं मूल, सिकलसेलचा आदिवासी मुलगा, साठ टक्के भाजलेली सून, हे सगळे तिथेच येतात. गरिबांच्या आजारांचं कौशल्य गरिबांच्या रुग्णालयातच साठतं. तिथला तज्ज्ञ गेला की ते कौशल्य दुसरीकडून विकत आणता येत नाही, कारण दुसरीकडे ते नसतंच.

आपल्या राज्याला हे नवीन नाही. १९२६ मध्ये परळला केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा देणगी देणाऱ्या विश्वस्तांची अट होती की इथले शिक्षक भारतीयच असतील. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होतं, पण तिथली महत्त्वाची पदं इंडियन मेडिकल सर्व्हिस या ब्रिटिश सरकारच्या सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात होती आणि हुशार भारतीय डॉक्टरांना वर चढायला वाट नव्हती. म्हणजे प्राध्यापक कोण होणार आणि त्याला इथे करिअर करता येणार का, या प्रश्नातूनच मुंबईतलं एक सर्वोत्तम रुग्णालय उभं राहिलं. त्याचं फळही मिळालं. १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केईएममध्ये देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासांत दगावला, पण त्यामागे प्राण्यांवरच्या प्रयोगांची कित्येक वर्षं आणि एकत्र वाढलेला चमू होता. १९८६ च्या ऑगस्टमध्ये त्याच रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. नवजात बालकांच्या कक्षात त्या वर्षानुवर्षं उभ्या होत्या, म्हणून कमी वजनाच्या बाळांना पावडरच्या दुधानं काय होतं हे त्यांना दिसत होतं. दर तीन वर्षांनी जिल्हा बदलावा लागला असता तर यातलं काय घडलं असतं?

तीन वर्षांचा आकडा मी सहज घेतलेला नाही. २००५ चा बदल्यांचा कायदा शासकीय अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा मानतो. तहसीलदारासाठी तो योग्यच आहे. एका जागी फार काळ राहिला तर हितसंबंध तयार होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बालहृदयशल्यचिकित्सक एका जागी फार काळ राहिला तर काय तयार होतं? भूलतज्ज्ञाला त्याच्या हाताचा वेग कळतो. हृदय-फुप्फुस यंत्र चालवणाऱ्या परफ्युजनिस्टला त्याचा नुसता इशारा पुरतो. अतिदक्षता कक्षातल्या सिस्टरला त्याच्या रुग्णाची पहिली रात्र कशी जाते ते ठाऊक होतं. रोगनिदानशास्त्राच्या प्रयोगशाळेत कुणीतरी त्याचे नमुने पाहता पाहता त्या विषयात तयार होतं. तालुक्यातल्या माझ्यासारख्याला त्याचा नंबर पाठ होतो, आणि लवकर पाठवलेल्या रुग्णाचा जीव वाचतो. आपण ज्याला तज्ज्ञता म्हणतो ती एका माणसाच्या डोक्यात आणि हातात असतेच, पण तिचा निम्मा भाग त्याच्या युनिटमध्ये मुरलेला असतो. मुरायला किमान आठ-दहा वर्षं जातात. बदलीचा आदेश काढायला एक दुपार पुरते.

माझ्या परिचयाच्या एका शासकीय महाविद्यालयात, नाव घेत नाही, डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) झालेला एक तरुण नेफ्रॉलॉजिस्ट रुजू झाला होता. बाहेर त्याला कितीतरी जास्त पगार मिळत होता, तरी वडिलांची इच्छा म्हणून तो सरकारीत आला. तिथे नेफ्रॉलॉजीचा स्वतंत्र विभाग मंजूर नव्हता, म्हणून त्याची नेमणूक मेडिसिनमध्ये. आठवड्यातून एक दिवस किडनीची ओपीडी, उरलेले दिवस जनरल मेडिसिनचं युनिट, इमर्जन्सी आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा. बायोप्सी करायचा, पण ती वाचायला इम्युनोफ्लुओरेसन्स या खास तपासणीची सोय नाही. नमुना खासगी प्रयोगशाळेत, खर्च रुग्णाचा. तरीही दोन पावसाळ्यांत त्यानं आमच्या भागातले सर्पदंशाचे रुग्ण नीट नोंदवायला सुरुवात केली. मी पाठवलेल्या प्रत्येकाचं पुढे काय झालं, हे तो मला फोन करून सांगायचा. मग कुठल्याशा नव्या महाविद्यालयाची मान्यतेसाठीची तपासणी आली. कागदावर शिक्षक दाखवायचे होते, त्याला तिकडे पाठवलं. परत आला तेव्हा त्याचा डायलिसिसचा तंत्रज्ञ दुसरीकडे गेला होता, नोंदवह्या कपाटात गेल्या होत्या. वर्षभरात त्यानं राजीनामा दिला. आज तो मोठ्या शहरात आहे आणि उत्तम चाललं आहे त्याचं. मला राग त्याच्यावर नाही.

त्याच्या वयाचा विचार करा. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडी तीन, डीएम तीन. शिवाय प्रत्येक प्रवेश परीक्षेच्या तयारीत गेलेला काळ आणि बंधपत्राची सेवा. माणूस तिशी ओलांडून, कधी पस्तिशीला टेकून, पहिल्यांदा सहायक प्राध्यापक होतो. लग्न झालेलं असतं, मूल लहान असतं, आईवडील थकलेले असतात. तेव्हा त्याच्या हातात ठरावीक मुदतीचा कंत्राटी आदेश पडतो. लोकसेवा आयोगाची जाहिरात कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. मुदत संपली की पुन्हा मुलाखत, पुन्हा आदेश, मधल्या दिवसांचा खंड, आणि तो खंड पुढे बढतीत आडवा येतो. जो माणूस वीस वर्षांचं काम डोळ्यासमोर ठेवून शिकला, त्याला आपण काही महिन्यांच्या हप्त्यांत नोकरी देतो.

बढतीचंही तसंच. सहायकाचा सहयोगी होताना अनुभवाची वर्षं, शोधनिबंध आणि वैद्यकीय शिक्षणाच्या व संशोधनाच्या मूलभूत अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रं पाहतात. शोधनिबंध लिहावेत, जरूर लिहावेत. सेठ गोवर्धनदास महाविद्यालयाच्या स्टाफ सोसायटीनं १९५५ पासून स्वतःचं नियतकालिक चालवलं आहे. जगभर वाचलं जातं ते. पण संख्येसाठी लिहिलेले निबंध कसे असतात, ते आम्ही डॉक्टर मंडळी वाचतोच. शस्त्रक्रियेनंतर किती रुग्णांना गुंतागुंत झाली, त्याच्या हाताखाली शिकलेले निवासी आज कुठे काय करत आहेत, त्याच्या युनिटची मृत्युचर्चा, म्हणजे दगावलेल्या रुग्णांचा आढावा, प्रामाणिकपणे होते का, रात्री दोनला बोलावलं तर तो येतो का, यातलं काहीच बढतीच्या फायलीत नसतं. वॉर्डात उभा राहणारा मागे राहतो आणि कागद जमवणारा पुढे जातो, असं होऊ लागलं की तरुण मुलं काय शिकायचं ते शिकतात.

आता आमच्या बाजूचंही स्पष्ट बोलतो, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. सकाळी हजेरी लावून अकराला खासगी रुग्णालयात जाणारे शिक्षक आहेत. खासगी प्रॅक्टिस न करण्यासाठीचा व्यवसायरोध भत्ता घेऊन प्रॅक्टिस करणारे आहेत. राउंड निवासी डॉक्टरांवर सोडून देणारे आहेत. सरकारीतला रुग्ण स्वतःच्या दवाखान्यात वळवणारेही आहेत, आणि हे मला लाजिरवाणं वाटतं. देशभरातल्या वैद्यकीय शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय वैद्यक आयोगानं चेहरा ओळखणारी आधार हजेरी लावली, त्याला म्हणून माझा विरोध नाही. पण हजेरीनं माणूस इमारतीत आहे एवढंच कळतं. रात्रभर शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरला सकाळी मशीनसमोर वेळेवर उभं राहता आलं नाही म्हणून खुलासा मागायचा, आणि दिवसभर खोलीत बसून राहिलेल्याची हजेरी शंभर टक्के मानायची, यानं कामचुकार सुधारत नाही आणि कष्टाळू मात्र दुखावतो.

पूर्णवेळ काम आणि बाहेर प्रॅक्टिस नाही, या अटींवर उत्तम तज्ज्ञ टिकवता येतात, याचं उदाहरण परळलाच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं आणि १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथे स्तनाचा कर्करोग पाहणारा गट तोच पाहतो, डोक्या-मानेचा गट तोच. शल्यविशारद, किरणोपचार आणि औषधोपचार करणारे एकत्र बसून रुग्णाचा निर्णय घेतात. तिथले पगारही बाहेरच्या कॉर्पोरेटइतके नसतात आणि तिथूनही लोक जातात. तरी कितीतरी जण आयुष्य काढतात, कारण तिथे आपल्या विषयात जगाच्या बरोबरीनं काम करता येतं आणि उद्या आपल्याला कुठे पाठवतील याची धास्ती नसते. पैसा महत्त्वाचा आहेच. पगारातली दरी तुम्ही कमी केलीत तर आनंदच आहे. पण सोडून गेलेल्यांशी मी बोलतो तेव्हा पैशाआधी त्यांच्या तोंडी येतं ते हे, की मला माझं काम करू दिलं नाही.

राज्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये एकाच दिवशी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत. मी मराठवाड्यातला माणूस, हिंगोलीत महाविद्यालय यावं असं मला का वाटणार नाही? त्याआधी प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून छत्रपती संभाजीनगर, लातूर, अकोला, यवतमाळ इथे सुपरस्पेशालिटी इमारती मंजूर झाल्या, उभ्या राहिल्या. इमारतींबद्दल तक्रार नाही. पण एका जुन्या महाविद्यालयातले शिक्षक काढून नव्याच्या तक्त्यात बसवले, की दोन्हीकडे अर्धवट विभाग राहतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालकं होती. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा हिशेब मागितला. खचाखच भरलेल्या वॉर्डात मोजके डॉक्टर काय करू शकतात, यावर तेव्हा महिनाभर बोलणं झालं. मग थांबलं.

२०२५ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं शिक्षकांच्या पात्रतेचे नियम बदलले. २२० किंवा त्याहून अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयात दहा वर्षं काम केलेला तज्ज्ञ आता सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. माझे काही प्राध्यापक मित्र यावर चिडले आहेत. मी सरसकट विरोध करणार नाही. विंचूदंशात हृदय कसं निकामी होतं आणि प्राझोसिन या औषधानं जीव कसा वाचतो, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करता करता दाखवून दिलं. ‘लॅन्सेट’ या नामवंत वैद्यकीय नियतकालिकानं त्यांचं लेखन १९८२ मध्ये छापलं. जिल्ह्यात राबणाऱ्या डॉक्टरकडे शिकवण्यासारखं खूप असतं. मात्र तो महाविद्यालयात आल्यावर त्याला शिकवायला शिकवा, संशोधनाला वेळ द्या, नीट युनिट द्या. नुसता तक्त्यातला रिकामा चौकोन भरायला त्याला आणणार असाल, तर विद्यार्थ्यांचं नुकसान आणि त्याचंही. त्याच नियमांत दुसरी एक चांगली सोय आहे: सुपरस्पेशालिटीची पदवी घेऊन मेडिसिन किंवा सर्जरीसारख्या विभागांत अडकलेल्यांना त्यांच्या विषयाच्या विभागात शिक्षक म्हणून दाखवता येतं. आपल्या राज्यानं ती आधी वापरावी. त्या नेफ्रॉलॉजिस्टला हीच हवी होती.

माझं मागणं असं आहे. डीएम किंवा एमसीएच (शस्त्रक्रियेच्या विषयांतली तशीच पदवी) झालेल्या शिक्षकांना सर्वसाधारण बदल्यांतून वगळा. बदली हवी असेल तर ती त्यांच्या विनंतीवरून किंवा चौकशीत सिद्ध झालेल्या कारणानं करा. तपासणीपुरती माणसं हलवणं पूर्ण थांबवा. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात लोकसेवा आयोगाकडून भरती होईल असं करा, आणि तोवर कंत्राटावर असलेल्याची सेवा अखंड धरा. तज्ज्ञाचं पद मंजूर करताना त्याच्याबरोबरच तंत्रज्ञ, परिचारिका, निवासी आणि प्रयोगशाळेतला माणूस यांची पदं मंजूर करा, नाहीतर ते पद मंजूर करू नका. प्रत्येक महाविद्यालयात सगळे विषय उघडण्याचा हट्टही सोडा. मराठवाड्यात किडनीचं एक, हृदयाचं एक, बालशस्त्रक्रियेचं एक असं पूर्ण ताकदीचं केंद्र असलं तर मी रुग्णाला दीडशे किलोमीटर पाठवायला तयार आहे, तोही जायला तयार असतो. पाच ठिकाणी अर्धी केंद्रं त्याला पाच ठिकाणी फिरवतात. बढतीच्या फायलीत शिक्षकाच्या युनिटचे परिणाम आणि त्यानं घडवलेले विद्यार्थी यांना जागा द्या. मोजायचं कसं ते त्याच विषयातल्या ज्येष्ठांना विचारा. ज्यांना पूर्णवेळ येणं जमत नाही अशा नामांकित खासगी तज्ज्ञांना आठवड्यातले ठरलेले दिवस मानद म्हणून बोलवा. मुंबईच्या रुग्णालयांनी मानद डॉक्टरांच्या जोरावर अनेक दशकं काढली आहेत.

आणि एक गोष्ट तुम्हाला या महिन्यातच करता येईल. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कोणत्या विषयाचा तज्ज्ञ सध्या खरोखर कामावर आहे, त्याची ओपीडी कोणत्या वारी आहे आणि रात्री संपर्क कुणाशी करायचा, ही यादी विभागानं दर महिन्याला जाहीर करावी. मंजूर पदांची नको, हजर माणसांची. पावसाळा तोंडावर आहे. रात्री लघवी बंद झालेला रुग्ण माझ्यासमोर असेल तेव्हा रुग्णवाहिका कोणत्या दिशेनं काढायची, एवढं तरी मला त्या यादीवरून कळेल.

आपला,
मराठवाड्यातला एक फिजिशियन